आमची आजी 'शांत, सोज्वळ' नव्हतीच हो!

प्रश्न : ताई, माझी आजी मागच्या उन्हाळ्यात गेली. इथल्याच एका मुलींच्या शाळेत ती शिकवायची, कागदावर मराठीच्या बाई पण सगळं नाशिक तिला ओळखायचं ते खो-खोच्या बाई म्हणून. आता वर्षश्राद्धाला घरचे एक छोटी पुस्तिका काढतायत आणि मजकूर मी लिहायचाय. मोठ्या काकांनी सुरुवात करूनच दिलीये, "शांत, सोज्वळ, मायाळू, कुटुंबासाठी झिजलेल्या..." वगैरे. ताई, आजी शांत कधीच नव्हती हो. टीव्हीवर मॅच लागली की अंपायरचा उद्धार सुरू. २०१७ ला आपली महिला टीम लॉर्ड्सवर ९ रननी हरली त्या रात्री ती जेवली नाही, आणि आम्हालाही धड जेवू दिलं नाही. हे लिहिलं तर काका म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं शोभत नाही. काय करू?
— गंगापूर रोड, नाशिक (नाव नका छापू प्लीज, काका वाचतात)

उत्तर : अगं, आधी एक करून बघ. काकांचा तो मजकूर शेजारच्या कुठल्याही आजीच्या फोटोखाली ठेव. बसतोय ना बरोब्बर? मग तो तुझ्या आजीचा नाहीच, संपला विषय. पण काकांवर चिडू नकोस. आपल्याकडे 'कै.' लागलं की माणूस लगेच मायाळू होतो, ती रीतच पडलीये, आणि त्यांची तर आई गेलीये.

माझं म्हणशील तर जन्म, लग्न, नोकरी, रिटायरमेंट अशी रांग लावूच नकोस, तिच्या आयुष्याच्या तारखा मॅचवरून लाव. म्हणजे घरातल्या एकेकाला गाठायचं आणि विचारायचं, १९८३ ला कपिलच्या टीमने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा आजी कुठे होती, कुणाच्या घरी बघितला, की रेडिओवर ऐकला? पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ब्राँझ एका शतांश सेकंदाने हुकलं, त्यावर ती शाळेत पोरींना काय बोलली? २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरला ब्राँझ आणलं तेव्हा तिने किती जणींना फोन लावले? आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिलावहिला वर्ल्ड कप झाला, प्रियांका इंगळेच्या टीमने फायनलला नेपाळला हरवलं, ते तर तिने बघितलंच असणार. आनंदाने रडली, की मॅटवरची खो-खो बघून "गुडघे फुटत नाहीत ती कसली खो-खो" म्हणाली? (मला का कोण जाणे दोन्ही झालं असेल असं वाटतंय.) असं विचारलं ना की लोक "फार प्रेमळ होत्या" म्हणून सुटू शकत नाहीत, त्यांना काहीतरी खरं आठवावंच लागतं.

मग तिच्या खो-खोच्या पोरी शोध, व्हॉट्सअपवर त्यांचा ग्रुप असणारच, नसला तरी एक सापडली की बाकीच्या सापडतात. त्यांना 'बाई कशा होत्या' विचारू नकोस, खेळाचं विचार. खांबावर सूर मारायला कसं शिकवायच्या? तोंड एका दिशेला वळलं की मागे फिरायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही, खो मिळायच्या आधी जागेवरून उठायचं नाही, हे नियम डोक्यात बसवायला काय ओरडायच्या? आत गेलेल्या तिघींपैकी पहिली लवकर आऊट झाली तर तिला काय ऐकावं लागायचं? खो-खोला काय लागतं, दोन खांब, फक्की आणि मोकळी जागा, म्हणून तर पैसे नसलेल्या शाळासुद्धा हा खेळ खेळू शकल्या. पण मुलींना बाहेरगावी मॅचला न्यायचं म्हणजे त्यांच्या घरी जाऊन आईबापांना पटवणं आलं, मुक्कामाचं बघणं आलं, चड्डी घालून खेळायचं की नाही यावरून वाद आले. ते तुझ्या आजीने कसं केलं हे त्या पोरींशिवाय कुणालाच माहीत नसणार, तुझ्या काकांनाही नाही. आणि हो, ज्या मुलींना खेळायचंच नव्हतं त्यांच्याशी ती कशी वागायची हेही विचारून घे. उत्तर गोड नसेल कदाचित. तरी लिही, एखादी ओळ का होईना.

अंपायरला दिलेल्या शिव्यांचं म्हणशील तर अगदीच झणझणीत असतील त्या गाळ, पण "मेल्या चष्मा लाव" टाइपच्या ठेव ना, त्याने कुणाचं काय बिघडतं!

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हरमनप्रीतच्या टीमने नवी मुंबईत साऊथ आफ्रिकेला ५२ रननी हरवून वर्ल्ड कप घेतला. ती मॅच बघायला आजी नव्हती, तेव्हा इथे 'ती वरून बघत असेल' असं लिहायचा मोह होणार तुला. कृपा करून नको. त्या रात्री तुमच्या घरात तिच्या जागेवर कोण बसलं होतं, अंपायरला कोण ओरडलं, तेवढं सांग आणि पुढे जा.

काकांचं काय करायचं? त्यांना एक अख्खं पान दे, त्यांच्या नावाने. फक्त अट घाल की पहाटे गोल्फ क्लबवर (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हो, पण म्हणतं कोण) त्यांना धावायला आजीने कधी उठवून नेलं होतं का, त्याबद्दल लिहायचं. माझी खात्री आहे, नेलंच असणार. आणि 'सोज्वळ' हा शब्द त्यांना हवाच असेल तर त्यांच्या पानावर राहू दे, तुझ्या पानावर नको.

प्रश्न : आमच्या खेळाच्या बाई गेल्या, आम्ही जुन्या विद्यार्थिनींनी पैसे जमवलेत. त्यांच्या नावाने शाळेत फिरती ढाल द्यावी असं चाललंय. चांगली कल्पना आहे ना?
— पंचवटी

उत्तर : कल्पना चांगली, पण ढाल फिरत नाही हो, ती मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या कपाटात जाऊन बसते. आधी शाळेत जाऊन आत्ताच्या सरांना किंवा बाईंना विचारा काय कमी आहे. बहुतेक ठिकाणी बूट, नी-कॅप, मॅचला जायचा एसटीचा खर्च, खांब डुगडुगतायत, असलंच काहीतरी निघतं. तरीही ढाल द्यायचीच असेल तर पैसे एफडीत ठेवा, संस्थेकडून लेखी घ्या, कारण मुख्याध्यापक बदलले की तोंडी ठरलेलं सगळं विसरलं जातं, आणि दर वर्षी ढालीवर नाव कोरायचा खर्च कोण करणार ते आत्ताच ठरवून टाका. यावरूनच पुढे भांडणं होतात.