घरातल्या मृत्यूची बातमी नाव-फोटोसकट छापली, तर कुटुंबाला काही करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसभावाने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकात त्याचं नाव, सोसायटीचं नाव, फेसबुकवरून उचललेला फोटो आणि ‘प्रेमप्रकरणातून टोकाचं पाऊल?’ असा मथळा. त्याच दुपारी एक यूट्यूब चॅनलवाला थेट हॉलमध्ये शिरला आणि त्याने मावशींच्या तोंडापुढे बूम, म्हणजे चॅनलचा माइक, धरला. हे कायद्यात बसतं का, आणि आता काय करता येईल?

आधी मावशींना सांभाळा. बाकीचं चार दिवस उशिरा झालं तरी चालतं. एकच मुदत पाळायची आहे, ती खाली सांगतो.

मी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे, आता त्या धंद्यात नाही. म्हणून आतली गोष्ट आधी सांगतो आणि कायदा नंतर. नुसता कायदा वाचलात तर सगळा राग दारात आलेल्या पोरावर निघेल, आणि तो या साखळीतला अगदी शेवटचा माणूस असतो. घरातली गोष्ट त्याच्या आधीच दोन-तीन ठिकाणी फुटलेली असते.

संध्याकाळी सात-साडेसातला पोलिसांची प्रेसनोट येते. पूर्वी फॅक्सवर यायची, आता व्हॉट्सॲप ग्रुपवर. साचा ठरलेला. अकस्मात मृत्यू रजिस्टर नंबर, तारीख-वेळ, खबर देणार, मयताचं नाव, वय, मग ‘रा.’ आणि त्यापुढे फ्लॅट नंबरापासून चौकापर्यंत सगळा पत्ता. खाली हकिगत, आणि शेवटी दाखल अंमलदार, तपासी अंमलदार. ही हकिगत म्हणजे जबाबातून उचललेल्या चार-पाच ओळी: कुणाशी भांडण झालं होतं, कर्ज होतं का, लग्न मोडलं होतं का. पोटचं पोर गेल्यावर दोन तासांत, ठाण्यातल्या बाकावर बसून आई-बाप जे बोलतात ते त्या ओळींत उतरतं आणि रात्री आठपर्यंत गावातल्या प्रत्येक क्राईम रिपोर्टरच्या फोनवर असतं. बोलणाऱ्याला वाटतं, आपण फक्त साहेबांना सांगतोय. तुमच्या बातमीतलं ते ‘प्रेमप्रकरण’ कुठून आलं, हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

मग फोटो. पूर्वी वार्ताहराला घरी किंवा शवागाराबाहेर जाऊन नातेवाइकांकडे पासपोर्ट साइज फोटो मागावा लागायचा. कठोर काम होतं, पण त्यात निदान कुणीतरी ‘नाही देणार’ म्हणू शकायचं. आता डीपी उचलला की झालं, विचारण्याचा प्रश्नच नाही. कधीकधी फोटो आधार कार्डावरचा असतो. कडा कापलेल्या असतात, पण मागची फिकट नक्षी डेस्कवरच्या माणसाला लगेच कळते, आणि मयताचं आधार कार्ड कुणाच्या टेबलावर असतं हेही कळतं.

पान छपाईला सोडायच्या वेळी डेस्कवर भीती एकच असते, की दुसऱ्यांकडे फोटो असेल आणि आपल्याकडे नसेल. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘त्यांनी फोटो लावलाय, आपला का नाही?’ हा प्रश्न हमखास यायचा. ‘आपण हा फोटो का लावला?’ असं कुणी विचारल्याचं मला फारसं आठवत नाही. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह ही वकिली सोय. आरोप तर करायचा, वर केला नाही असंही म्हणायचं.

हे फक्त छोट्या गावांत होतं असं नाही. १४ जून २०२० ला वांद्र्यात सुशांतसिंह राजपूत गेला आणि काही तासांत त्याच्या पार्थिवाचे फोटो फोनाफोनावर फिरले. पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर विभागाला जाहीर इशारा द्यावा लागला. ते फोटो बाहेर उभ्या कॅमेऱ्यांनी काढलेले नव्हते, आत पोहोचलेल्या कुणाच्या तरी खिशातल्या फोनमधून निघाले असणार. त्यानंतरचे दोन-तीन महिने वाहिन्यांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिच्या वडिलांना त्यांच्याच इमारतीच्या आवारात कॅमेऱ्यांनी घेरलं, तो व्हिडिओ तिने स्वतः टाकून पोलिसांकडे संरक्षण मागितलं होतं.

त्या गोंधळातून एक कामाची गोष्ट मात्र निघाली. महाराष्ट्र पोलिसांतल्या आठ निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांसह काही जणांनी जनहित याचिका केल्या आणि १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांनी सांगितलं की आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला कमकुवत चारित्र्याची ठरवू नका, तिच्या खासगी आयुष्यात घुसू नका, तपास सुरू असताना साक्षीदारांच्या आणि कुटुंबीयांच्या मुलाखती दाखवू नका. वर्तमानपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलची छापील माध्यमांसाठी असलेली तत्त्वं वाहिन्यांनीही पाळावीत, असंही म्हटलं. दोन इंग्रजी वाहिन्यांचं वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं आहे असा शेरा मारला, पण कारवाई केली नाही. अशा निकालांचं हे नेहमीचंच: शब्द कडक, शिक्षा शून्य. तरी हा निकाल महाराष्ट्रात तुमच्या पत्रात लिहिण्यासारखा सगळ्यात धारदार मुद्दा आहे.

आता मूळ अधिकार. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात सांगितलं की खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधलाच मूलभूत अधिकार आहे. पण वर्तमानपत्रांच्या संदर्भात जास्त उपयोगाचा निकाल त्याच्याही आधीचा, १९९४ चा. तमिळनाडूतल्या ‘नक्कीरन’ साप्ताहिकाला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र छापायचं होतं. त्यात अधिकाऱ्यांची नावं येणार म्हणून ते रोखायला तुरुंग प्रशासन सरसावलं. न्यायालयाने दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या. सरकारी माणसाला स्वतःच्या अब्रूच्या नावाखाली आधीच छपाई थांबवता येणार नाही. आणि सामान्य माणसाचं लग्न, कुटुंब, मुलंबाळं, शिक्षण याबद्दल त्याच्या संमतीशिवाय काही छापता येणार नाही, मग ते खरं असो वा खोटं. अपवाद सार्वजनिक नोंदींचा. तुमच्या दैनिकाचा वकील नेमका इथेच बोट ठेवेल: ‘पोलिसांनी दिलं, आम्ही छापलं.’

दुसरी अडचण तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवी. गेलेल्या माणसाचा खासगीपणा वारसाहक्काने मिळत नाही. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतच्या वडिलांच्या दाव्यात हेच सांगितलं, आणि त्याआधी मद्रास उच्च न्यायालयाने जयललितांच्या भाचीच्या प्रकरणातही जवळपास असाच सूर लावला होता. म्हणजे ‘आमच्या भावाचा खासगीपणा भंगला’ असं लिहिलंत तर बाजू लंगडी पडते. मावशींचा मात्र स्वतःचा हक्क आहे. त्यांचं घर, त्यांचा पत्ता, त्यांचं रडणं. तक्रार त्यांच्या नावाने लिहा.

भावाच्या बाजूने नियमही आहेतच. प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. बातमी ठळक लावू नये, सनसनाटी मथळा नको, पद्धत आणि ठिकाणाचे तपशील नकोत, फोटो किंवा समाजमाध्यमांच्या लिंक वापरू नयेत. तुमच्या कात्रणात यातलं किती मोडलंय ते एकेक ओळ समोर ठेवून बघा. (लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती किंवा अल्पवयीन मूल असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे ओळख उघड करणं हाच फौजदारी गुन्हा आहे. कठुआ प्रकरणात पीडित मुलीची ओळख उघड केल्याबद्दल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले.)

आता प्रत्यक्षात काय करायचं. त्या दैनिकाचं शेवटचं पान काढा, अगदी तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची तेही असतं. पत्र त्या माणसाच्या नावाने पाठवा, वार्ताहराच्या नाही. पत्रात दोनच मागण्या ठेवा: वेबसाइटवरून आणि ई-पेपरवरून नाव, पत्ता, फोटो काढा, आणि मथळ्यातल्या तर्काबद्दल खुलासा छापा. पहिली मागणी बरेचदा गुपचूप मान्य होते. छापील अंक परत येत नाही, पण पुढच्या दहा वर्षांत तुमच्या भावाचं नाव शोधणाऱ्याला छापील अंक दिसतच नाही, वेबसाइट दिसते.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, कात्रण आणि संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडून. मघाशी म्हटलेली मुदत ती हीच. कौन्सिलला दंड करता येत नाही, १९७८ च्या कायद्याने फक्त ताकीद देणं, कानउघाडणी करणं आणि निषेध नोंदवणं एवढंच हातात दिलंय. वाघ दाताविना असला तरी संपादकाला नोटिशीला उत्तर द्यावं लागतं, आणि मालकासमोर त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. दुसऱ्या गोष्टीचा धाक पहिलीपेक्षा मोठा असतो.

यूट्यूबवाला कौन्सिलच्या कक्षेत येत नाही. पण त्याने जे केलं ते छापण्यापेक्षा साधं आहे: तो विनापरवानगी घरात शिरला. एखाद्याला त्रास द्यायच्या किंवा अपमान करायच्या हेतूने घरात शिरणं किंवा तिथून न हटणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये येतं, आणि गळ्यातलं ओळखपत्र हा त्यावरचा परवाना नव्हे. हेतू सिद्ध करणं सोपं नाही, म्हणून ‘बाहेर जा’ असं कुणी स्पष्ट म्हटलं होतं का, ते कुणी ऐकलं, हे आत्ताच लिहून ठेवा. व्हिडिओची लिंक आणि स्क्रीनशॉट घ्या, आणि यूट्यूबच्या खासगीपणाच्या तक्रारीच्या फॉर्मवर मावशींच्या नावाने तक्रार टाका. पुन्हा कुणी आला तर कॅमेऱ्याला हात लावू नका. ढकलाढकलीचे पाच सेकंद त्याला तुमच्या दुःखापेक्षा जास्त व्ह्यूज देतात.

आणि ठाणं. मी म्हणेन याला सगळ्यात जास्त महत्त्व द्या, कारण अजून पुरवणी जबाब होतील. वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज द्या की जबाबातला मजकूर, फोटो आणि पत्ता माध्यमांना देऊ नये. पोहोच घ्या. १३ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत करायला केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं होतं, त्याचा उल्लेख करा. पुढे आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढते, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. संवेदनशील प्रकरणांना त्यातून सूट आहे. ती मागायची तर आधी मागा, चढल्यावर नाही.

एक गोष्ट माझ्या जुन्या धंद्याच्या बाजूनेही सांगतो. खासगीपणाचा कायदा कडक करा म्हणणाऱ्यांच्या रांगेत पुढे उभे असतात ते पुढारी आणि बिल्डर, तुमच्या मावशी नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं व्यक्तिगत माहितीबद्दलचं कलम ८(१)(जे) बदलण्याची तरतूद केली, तेव्हा पत्रकार ओरडले ते याचसाठी. व्यक्तिगत माहितीच्या नावाखाली अधिकाऱ्याची फाइल झाकायची सोय त्यात आहे. म्हणून ‘पत्रकारांना आळा घाला’ अशी सरसकट मागणी पत्रात करू नका. ती तुमच्या कामाचीही नाही.

कोर्टात नुकसानभरपाईचा दावा? करता येतो. मी सुचवणार नाही, वर्षानुवर्षं त्याच बातमीसोबत जगावं लागतं.

एकाच माणसाचं प्रकरण याहून वेगळं आहे, आणि तुमच्या प्रश्नात ते आलंच नाही. मथळ्यात ‘प्रेमप्रकरण’ आहे म्हणजे त्यात एक मुलगीही आहे. तिचं नाव छापलं नसेल, पण कॉलेजमध्ये आणि सोसायटीत सगळ्यांना कळलं असणार. ती जिवंत आहे, त्यामुळे अब्रूनुकसानीचा आणि खासगीपणाचा तिचा दावा तुमच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तिच्या घरच्यांशी बोलणं उरलं असेल तर त्यांनाही ती दोन महिन्यांची मुदत सांगा. तक्रारी मात्र वेगवेगळ्या करा, एकत्र केल्यात तर त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर तुम्हीच दिल्यासारखं होईल.