पहिल्यांदाच फ्लॅटचं रिनोव्हेशन करताय? आधी एवढं बघा

ताई, नव्या घरासाठी तुम्ही सेव्ह केलेले फोटो मस्तच आहेत, फ्लूटेड पॅनल (उभ्या खाचांचं भिंतीचं पॅनल), प्रोफाइल लाइट (पट्टीत बसवलेले एलईडी) सगळं होईल पण ते शेवटी, आधी भिंतीच्या आतलं काम.

- बाथरूमच्या जुन्या टाइल्स काढल्या की वॉटरप्रूफिंग करून निदान २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांच्या सिलिंगला ओल येतेय का ते स्वतः जाऊन बघा. सगळ्यांची घाई नेमकी इथेच होते आणि मग वर्षभरात नव्या टाइल्स फोडायची वेळ येते.
- एसी, गीझर, ओव्हनचे १६ अँपिअरचे पॉइंट फर्निचरच्या आधी ठरवा.
- सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय.

ओपन किचन हवंय म्हणालात, तर भिंत पाडायच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच, कॉन्ट्रॅक्टर म्हणेल काही होत नाही हो, अजिबात ऐकू नका, अख्ख्या बिल्डिंगचा प्रश्न आहे.

फर्निचरला वरून व्हेनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) लावायचं की लॅमिनेट (सनमायकासारखा शीट) हे आत्ता डोक्यात घेऊच नका. बजेटमधले दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, जुन्या घरात काहीतरी निघतंच. प्लास्टरच्या आधी वायरिंग आणि पाइपचे फोटो मात्र नक्की काढून ठेवा, उद्या ड्रिल मारताना लागतील.