आधी सक्शन, मग वाफ: नागपुरात गाडीच्या आतल्या सफाईसाठी मशीन घेताना

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. मनीषनगरात घरपोच गाडी सफाईचं काम जूनपासून सुरू करायचं आहे, हाताशी ४५ हजार रुपये आहेत आणि दुकानदार म्हणून राहिला की सगळे पैसे वाफेच्या मशीनमध्ये घाला. वाफ असली की शॅम्पू लागत नाही, सीट लगेच वाळते, डाग राहतच नाही, असं त्याचं म्हणणं. तर घ्यावं का?

पहिलं मशीन म्हणून घेऊ नका. मी हिंगणा रोडला १२ वर्षांपासून हेच काम करतो. माझ्याकडे वाफेचं मशीन आहे, रोज चालतं, आणि ते मला आवडतंही. तरी माझा सल्ला हाच राहील.

वाफ मळ सुटा करते, उचलत नाही. सीटच्या कापडात घाम, तेल, सांडलेला संत्र्याचा रस बसलेला असतो, तो वाफेने मऊ पडतो. मऊ पडला म्हणजे गेला असं नाही. टॉवेलने पुसलं की वरवरचा टॉवेलवर येतो आणि बाकीचा खाली फोमकडे उतरतो. सीट वाळताना तोच ओलावा मळ घेऊन परत वर चढतो. चार दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन येतो की डाग पुन्हा दिसून राहिला. त्याला वाटतं आपण काम चुकवलं. तो मळ गाडीच्या बाहेर काढणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सक्शन. एक्सट्रॅक्टर नावाचं मशीन पाणी फवारतं आणि त्याच क्षणी मळासकट ओढून घेतं. दिवसाअखेर टाकीत जे काळं पाणी दिसतं, तेच आपलं काम.

म्हणून मशीन बघताना वॉटवर जाऊ नका. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते. ती किती ओढते हे मिलिबारमध्ये लिहिलेलं असतं, आणि हवा किती वाहते हे सेकंदाला किती लिटर असं. अंदाज यावा म्हणून सांगतो: कार्चर कंपनीच्या पुझी १०/१ या एक्सट्रॅक्टरवर २२० मिलिबार आणि सेकंदाला ५४ लिटर हवा असे आकडे आहेत, स्वच्छ पाण्याची टाकी १० लिटरची आणि फवारा मिनिटाला १ लिटर. २२० मिलिबार म्हणजे जवळपास सव्वादोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलण्याइतकी ओढ. हेच घ्या असं मी म्हणत नाही, पण दुसरं कोणतंही मशीन याच्या शेजारी ठेवून बघा. दोनपैकी एकच आकडा छापला असेल तर दुसरा विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर मला ते मशीन नको वाटतं.

आकड्यांपेक्षा भरवशाची एक परीक्षा आहे. गाडीच्या जुन्या कार्पेटचा तुकडा सोबत न्या आणि किचनचा डिजिटल काटा. तुकडा कोरडा तोला, त्यावर मोजून अर्धा लिटर पाणी ओता, मशीनने सावकाश तीनदा ओढा, पुन्हा तोला. अर्धा लिटर म्हणजे ५०० ग्रॅम, तेव्हा किती आत राहिलं ते ग्रॅममध्ये समोर येतं. दोन मशीन अशी शेजारी शेजारी लावली की कोणाला काही विचारायची गरज राहत नाही. नळीच्या टोकाचं, सीटवर फिरवायचं हेड पारदर्शक असेल तर फार बरं, पाणी काळं येतंय की साफ, हे डोळ्याला दिसतं आणि कधी थांबायचं ते हाताला कळतं.

आता सीट लगेच वाळते असं सांगताना दुकानदार जिला "सुकी वाफ" म्हणतात, म्हणजे जवळपास पाणी नसलेली, तिच्याबद्दल. हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण २५७० किलोज्यूल ऊर्जा लागते. १५०० वॉटचं मशीन एका तासात ५४०० किलोज्यूल देतं. म्हणजे काहीही वाया न जाता तासाला जेमतेम २.१ लिटर, मिनिटाला ३५ ग्रॅम. कोणी १५०० वॉटवर सतत मिनिटाला ८० ग्रॅम वाफ सांगत असेल, तर त्यातलं निम्म्याहून जास्त गरम पाणीच आहे. बॉयलरमध्ये साठलेल्या दाबामुळे सुरुवातीचा झोत जोरात येतो, दुकानात तोच दाखवतात. तुम्ही सलग पाच मिनिटं चालवायला लावा.

वाफ जिथे जिंकते तिथे मात्र दुसरं काही चालत नाही. एसीच्या जाळ्या, बटणांच्या फटी, स्टीअरिंगवरचा मेणचट थर, दाराच्या खिशात वाळलेला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. हे सगळं प्लास्टिक आहे. थोडी वाफ आणि लगेच मायक्रोफायबर, की काम झालं. फटीत थेट झोत नको, नोझलला टॉवेल गुंडाळून मारा. स्क्रीन, स्विच पॅनल, सीटखालची वायरिंग यांच्यापासून वाफही दूर ठेवा आणि फवाराही. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे, तिथे कोरड्या ब्रशशिवाय काही नको.

आणि रूफ लायनिंग. छताचं कापड मागच्या पातळ फोमला आणि गोंदाला धरून असतं, उष्णतेने तो गोंद सुटतो. सुरुवातीच्या वर्षी एका मास्तरांच्या जुन्या सेडानचं छत मी हौसेने वाफेवर काढलं. संध्याकाळी गाडी चकाचक दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उन्हात उभी होती आणि मागच्या सीटवर कापड लोंबत होतं. पूर्ण छत माझ्या खर्चाने बदलून दिलं. ते मास्तर एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून छताला फक्त शॅम्पूचा फेस, हलका हात आणि टॉवेल.

डागांचंही तसंच, मशीनआधी डाग ओळखा. आपल्याकडे सगळ्यात जास्त येतो तो तर्रीचा. सकाळी तर्री-पोहे गाडीत बसून खायचे आणि एक वळण आलं की वाटी सीटवर. त्यावर वाफ मारली तर तेल पातळ होऊन हळद घेऊन आत उतरते. कडक साबण लावला तर हळद लाल होते, कारण क्षारात तिचा रंगच बदलतो. पोरं घाबरून आणखी घासतात. सौम्य शॅम्पू फवारून पाच मिनिटं थांबा, मऊ ब्रश फिरवा, कोमट पाण्याने एक्सट्रॅक्ट करा. तेल निघतं, पिवळी झाक राहते. तिच्यासाठी गाडी दार उघडून उन्हात लावा. हळदीचा रंग उजेडात विरतो, आणि नागपूरच्या उन्हासारखं औषध कुठे मिळणार! दूध, अंडं, रक्त यांना मात्र आधी थंडच पाणी, गरम लागलं की डाग पक्का होतो.

कोणतंही ओलं काम करण्याआधी कोरडं व्हॅक्यूम. हे मी पोट्ट्यांना रोज सांगतो. आपली काळी माती कोरडी असताना भुकटीसारखी निघते, पाणी लागलं की फुगून चिकट चिखल होतो आणि कार्पेटच्या केसांत रुतून बसतो. घरातली कपड्यांची पावडर टाकीत टाकू नका, फेस सक्शनच्या मोटरपर्यंत चढतो. कमी फेसाचा शॅम्पू वापरा, आणि शेवटचा हात साध्या पाण्याचा. शॅम्पू कापडात राहिला तर तोच धूळ धरतो.

पाण्याचं म्हणाल तर वाफेच्या मशीनला बोअरचं पाणी देऊ नका. जड पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बॉयलरला बसतो, गरम व्हायला वेळ लागतो आणि नोझलमधून कण उडतात. आरओचं पाणी चालेल, पण आरओमधून वाया जाणारं नाही, त्यात क्षार उलट जास्त असतात. थर साचलाच तर सायट्रिक ॲसिडने काढा, मशीन पूर्ण थंड झाल्यावर. बॉयलरचं झाकण दाब असताना उघडायचं नाही, कितीही घाई असो. एक्सट्रॅक्टरला गरम पाण्याची सोय असलेलं मॉडेल महाग पडतं आणि आपल्याला त्याची फारशी गरज नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं येतं, डिसेंबरात बादलीभर कोमट करून घ्या.

घरपोच काम म्हणजे वीज गिऱ्हाईकाची. पार्किंगमधलं सॉकेट बरेचदा साधं ६ अँपिअरचं असतं, त्यावर २३० व्होल्टला १३८० वॉटच बसतात. १५००-२००० वॉटचं वाफेचं मशीन त्यावर लावायचं नाही. १५-१६ अँपिअरचं सॉकेट आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. एक्सटेन्शनची वायर जाड घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते.

तर ४५ हजारांचं काय करायचं? व्यावसायिक एक्सट्रॅक्टर त्यात बसत असेल तर तोच घ्या आणि वाफ सहा महिने विसरा. बसत नसेल तर भक्कम सक्शनचं वेट-अँड-ड्राय व्हॅक्यूम (कोरडी धूळ आणि पाणी दोन्ही ओढणारं), हाताने दाब भरायचा फवारा, दोन प्रकारचे ब्रश, दोन डझन मायक्रोफायबर आणि सीट वाळवायला हवा मारणारा एक ब्लोअर. माझी पहिली दोन वर्षं याच सामानावर गेली. एक्सट्रॅक्टरपेक्षा वेळ जास्त लागतो, पण काम होतं. पैसे उरले तर घरगुती आकाराचं, बॉयलरवालं वाफेचं मशीन, फक्त प्लास्टिक आणि फटींसाठी.

ब्लोअर यादीतून काढू नका, तुम्ही जूनमध्ये सुरू करून राहिले म्हणून मुद्दाम सांगतो. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की ओली सीट दुपारभरात वाळते, काम थोडं कच्चं असलं तरी झाकून जातं. जुलैत तीच सीट दुसऱ्या दिवशीही गार लागते, कार्पेटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड थरात, पाणी राहतं आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. तेव्हा एक ओला हात असेल तर तीन-चार कोरडे हात मारा, म्हणजे फवारा बंद ठेवून नुसतं ओढा, फूट मॅट काढून खालचं कार्पेट दाबून बघा, तळहाताला पाणी लागलं तर पुन्हा ओढा. गाडी परत देताना काचा बोटभर खाली, आणि गिऱ्हाईकाला सांगा की आज एसी लावून अर्धा तास फिरवा. पावसाळ्यात कापडी सीटचं काम सकाळीच घ्या, दुपारी चारनंतर कोणी बोलावलं तर दुसऱ्या दिवसाची वेळ द्या.