लाल ढेकण्या आणि त्यांच्यातच फिरणारा त्यांचा शत्रू

दादा, तुम्ही लिहिलंत की जानेवारीत फरदडीला, म्हणजे वेचणी संपल्यावरही पुन्हा बोंडं घ्यायला ठेवलेल्या पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडांवर) लाल किड्यांचे थवे आलेत, लाल कोळी समजून कोळीनाशक फवारलं, पण काहीच फरक पडला नाही. फरक पडणार नव्हताच. कोळी म्हणजे पानाखाली ठिपक्याएवढा, आठ पायांचा जीव. तुम्ही सांगताय ते किडे नखाएवढे आहेत, फुटलेल्या बोंडावर बसतात आणि शेपटीला शेपटी लावून जोडीनं फिरतात. म्हणजे हे कपाशीवरचे लाल ढेकूण, आपल्याकडं ज्यांना लाल ढेकण्या म्हणतात. घरातल्या ढेकणाचेच हे दूरचे भाऊबंद, पण माणसाचं रक्त पीत नाहीत. यांची सोंड सरकीसाठी आहे.

मादी भेगांत, ओलसर भुसभुशीत मातीत किंवा पालापाचोळ्याखाली फिकट पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते. आठवड्याभरात पिल्लं निघतात. अळी नाही, कोष नाही. पिल्लू पहिल्यापासून लहानसा लाल ढेकूणच असतं, फक्त पंख नसतात. पाच वेळा कात टाकतं आणि पाचव्या कातीनंतर पंख येतात. या सगळ्याला साधारण महिना लागतो. म्हणून एकाच बोंडावर तुम्हाला बारीक, मध्यम, मोठे सगळे एकत्र दिसतात.

नुकसान मात्र खरं आहे. सरकीतला रस शोषला की ती पोचट होते, उगवत नाही, तेलही कमी निघतं. सोंडेच्या छिद्रातून बुरशी आत शिरते, त्यांची विष्ठाही लागते आणि रुई पिवळी पडते. वेचणीला आलेला कापूस झाडावर जितका राहील तितकं हे वाढत जातं.

आता फवारा पुन्हा उचलण्याआधी एक काम करा, आणि हे मी कळकळीनं सांगतोय. सकाळी एका झाडापाशी दहा मिनिटं बसा. ढेकण्याच्या मानेशी पांढरा पट्टा असतो, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका आणि पोटाखाली पांढरे आडवे पट्टे. त्याच गर्दीत एखादा जरा मोठा दिसेल, तसाच लाल, पण ठिपके नाहीत, पांढरे पट्टे नाहीत. तो सरकीवर बसत नाही. त्याच्या सोंडेला ढेकण्याच लटकलेला असतो. हा त्यांच्याच कुळातला शिकारी, शास्त्रीय नाव अँटिलोकस. याची पिल्लंसुद्धा ढेकण्यांवरच जगतात. मी कित्येक वर्षं त्याला ढेकण्यांचाच थोरला समजून चिरडत होतो. शिकार करताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा फार वाईट वाटलं. रेड्युविड नावाचे लांब मानेचे ढेकूणही यांना धरतात. जहाल औषधानं हे राखणदार आधी जातात, आणि मातीतली अंडी तशीच राहतात.

मी करतो ते असं. फुटलेली बोंडं लगेच वेचतो. सकाळी गारव्यात ढेकण्या सुस्त असतात, तेव्हा झाडाखाली साबणाच्या पाण्याची परात धरून फांदी झटकतो. शिकारी दिसला तर बोटानं उचलून परत झाडावर. बांधावर ओल्या सरकीची मूठ ठेवली की संध्याकाळपर्यंत तिथं गोळा होतात, मग एकदम उचलता येतात. फरदड मात्र ठेवू नका. ढेकण्यांना तर ती पोसतेच, गुलाबी बोंडअळीलाही पुढच्या हंगामापर्यंत पोचवते. पऱ्हाट्या काढल्यावर पडलेली बोंडं गोळा करा आणि वखर घाला, म्हणजे मातीतली अंडी उन्हात येतील.

बांधावर सावर, अंबाडी किंवा पेटारी आहे का तेही बघा. कापूस संपला की ढेकण्या तिथं जातात. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटून बी खाली पडतं, तेव्हा बुंध्याशी यांचा लाल सडा असतो. झाड तोडू नका, खालचं बी तेवढं झाडून काढा. आणि दहा मिनिटं बसून पाहिलंत की ठिपके नसलेले किती दिसले ते इथं नक्की लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.