बंधाऱ्याचे बरगे लवकर घातले, पाणी शेतात शिरले

प्रश्न : गावाजवळच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायला गाळ्यांत घालायच्या आडव्या फळ्या) यंदा सप्टेंबरच्या मध्यालाच घातले. महिनाअखेरीस पूर आला. वरच्या अंगाला आमचा ऊस आणि सोयाबीन तीन दिवस पाण्यात राहिले, बंधाऱ्यालगतचा काठही फुटला. पीक कसे वाचवावे? दाद कोणाकडे मागावी?

उत्तर : पाणी अजून तुंबलेले असेल तर आधी बंधाऱ्याकडे बघा. कोणत्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेत) किती बरगे आहेत ते दिसेल असे, तारीख-वेळ उमटणारे फोटो सुरक्षित जागेवरून काढा. बरगे निघाले की पुरावाही गेला. मात्र ते स्वतः उपसायला जाऊ नका. पाण्याच्या दाबाने खाचेत आवळलेला बरगा अचानक सुटला तर माणसाला ओढून नेतो.

१०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे बंधारे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. त्याहून मोठे असतील तर मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. लेखी अर्ज तिथे द्या, प्रत तहसीलदारांना, आणि पोच घ्या. बरगे पाणी वापर संस्थेने घातले असतील तर तेही अर्जात लिहा.

हा बंधारा मुळात पावसाळ्यात मोकळा राहावा म्हणूनच असा बांधतात. बरगे मेअखेर काढायचे आणि परतीचा पाऊस सरल्यावर, साधारण १५ ऑक्टोबरनंतर घालायचे. ते आत असताना पूर आला की वाहून आलेली झाडे आणि जलपर्णी गाळ्यांत अडकतात, पाणी फुगते आणि पक्क्या भिंतीपेक्षा मातीचा काठ सोपा म्हणून तोच फोडून बाजूने वाट काढते. तुमचा काठ गेला तो बहुधा असाच. (लवकर बरगे घालण्याचा आग्रह पुष्कळदा नदीवर पाणी उपसायच्या मोटारी असलेल्या आपल्याच मंडळींचा असतो, हेही खरे.)

आता पीक. उताराच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा (चिखल ओसरून जमीन कामाजोगी होणे) येईपर्यंत शेतात ट्रॅक्टर नको, युरियाही फेकू नका. साचल्या पाण्यात तो वाया जातो. उसाचा शेंडा हाताने ओढून पाहा. पोंगा (शेंड्यातली कोवळी पानांची सुरळी) सहज उपसून आला आणि कुजका वास आला, तर त्या उसाची वाढ थांबली. कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे कोंब) येतात आणि साखर उतरते. असा ऊस तोडणीत पुढे घेण्यासाठी कारखान्याच्या शेतकी विभागाला लेखी कळवा. पोंगा हिरवा असेल तर स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, वाफशावर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन मुळांशी आळवणी करा.

सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडल्या असतील तर फवारणीवर पैसे घालू नका. उघडीप मिळताच कापा आणि ढीग न लावता पातळ पसरून वाळवा. ओल्या ढिगात दाणे काळे पडतात किंवा शेंगेतच मोड येतात.

पंचनामा ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) मिळून करतात. त्यात पीक, साचलेला गाळ आणि पुराने खरडून गेलेली जमीन या तीन नोंदी वेगळ्या करून घ्या. पिकाला मदत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तरच मिळते. गाळाचा थर ३ इंचांहून जास्त असावा लागतो, म्हणून पट्टी रोवून फोटो काढा आणि पंचनाम्याआधी गाळ हलवू नका. खरडलेल्या भागाचे क्षेत्र गुंठ्यांत मोजून लिहायला लावा. नुसते ‘पिकाचे नुकसान’ एवढाच शेरा राहिला, तर जमिनीची मदत मागायला आधार उरत नाही.