वाचक विचारतात : मालगुजार मिशन

प्रश्न : छत्तीसगडमधल्या धमतरीजवळच्या बालोदगहान गावात मेनोनाइट मंडळी आहे म्हणे. हे लोक कोण आणि इतक्या आडगावात कसे पोचले? – एक वाचक, गोंदिया

उत्तर : मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ. मेनो सायमन्स या सोळाव्या शतकातल्या डच धर्मगुरूवरून हे नाव पडलं. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, जाणत्या वयात घ्यायचा आणि शस्त्र उचलायचं नाही, ही त्यांची ओळख. अमेरिकेतले मेनोनाइट मिशनरी १८९९ साली मुंबईत उतरले आणि त्याच वर्षी धमतरीला गेले. पुढच्याच वर्षी दुष्काळ! धर्मोपदेश राहिला बाजूला. अन्नवाटप, रोजगाराची कामं आणि अनाथ पोरांचा सांभाळ हेच मुख्य काम होऊन बसलं.

ही पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. आता यांनी राहायचं कुठे, कसायचं काय? म्हणून मिशनने १९०६ मध्ये बालोदगहान हे अख्खं गावच विकत घेतलं आणि ते तिथलं मालगुजार झालं, म्हणजे कुळांकडून सारा गोळा करणारा गावाचा मालक. तेव्हा हा मुलूख आपल्याच मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. माझे आजोबा भंडाऱ्याकडे एका मालगुजाराचे दिवाणजी होते, त्यामुळे मला याची मोठी गंमत वाटते : रविवारी उपदेश करणारं मिशनच कुळांकडून सारा वसूल करणार! धन्याचा धर्म स्वीकारणाऱ्याच्या मनात भाव किती आणि गरज किती, हे कोणी सांगावं? मिशनऱ्यांच्या हेतूवर माझा संशय नाही, पण ही व्यवस्था अवघडच होती. १९५१ साली मालगुजारीच गेली.

धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल मात्र तुम्ही ऐकून असालच. तेही याच मिशनचं.