अमेरिकेत मानववंशशास्त्र शिकायचंय: कर्ज काढून एमए करू का?

तुमचं समाजशास्त्रात तीन वर्षांचं बीए झालंय आणि अमेरिकेत मानववंशशास्त्रात एमए करण्यासाठी कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नका काढू.

तिथे एमएची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, तेही सहसा कॅम्पसवरच. त्यातून फार तर किराणा सुटतो. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. इंजिनिअर मित्रांना मिळणारे पुढचे २४ महिने आपल्या विषयाला सहसा मिळत नाहीत. तेवढ्यात हप्ते कुठून फेडणार?

पीएचडीचं गणित उलटं आहे. चांगल्या विभागात निवड झाली की फी माफ, वर विद्यावेतन, बदल्यात पोरांना शिकवायचं. एमए बहुधा वाटेत मिळून जातं. तीन वर्षांचं बीए काही विद्यापीठांना चालत नाही, म्हणून मी एमए इथेच, फुकटच म्हणावं अशा फीत उरकलं आणि मग अर्ज केले. पहिल्या वर्षी सात नकार आले.

चूक अर्जासोबतच्या माझ्या निवेदनात होती, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या लेखात. 'लहानपणापासून मला माणसांबद्दल कुतूहल आहे' अशी सुरुवात केली होती. कुणाला नसतं? दुसऱ्या वर्षी ऊसतोडीवर लिहिलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना अंगठा नवऱ्याचा, तोडणीत अर्धे कष्ट तिचे. मग ते कर्ज कुणाचं? एवढाच प्रश्न धरला, आणि कर्ज किंवा मजुरी यांवर काम करणारे प्राध्यापक जिथे होते तिथेच अर्ज पाठवले. बऱ्याच ठिकाणी मुदत डिसेंबरात संपते, त्यामुळे प्राध्यापकांना मेल सप्टेंबरातच टाका. नावाजलेलं विद्यापीठ, पण तुमच्या विषयाचं कुणीच नाही, अशा ठिकाणी अर्जाच्या फीचे डॉलर घालवू नका.

आणखी एक. अमेरिकन मानववंशशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या फ्रान्झ बोआसच्या परंपरेमुळे तिथल्या अनेक विभागांत संस्कृती, भाषा, पुरातत्त्व आणि जैविक मानववंशशास्त्र एकाच छपराखाली असतं. मी ऊसतोडीवाला, पण पीएचडीच्या पहिल्याच सत्रात मला हाडांच्या प्रयोगशाळेत उभं केलं. गळ्याजवळचं हाड डावं की उजवं, हे वीस पोरांना शिकवायचं. आदल्या रात्री मीच ते शिकलो होतो.

फील्डवर्कच्या पैशांसाठी बरीच अमेरिकन अनुदानं नागरिकांपुरतीच असतात. मानववंशशास्त्रातल्या संशोधनाला पैसे देणारं वेनर-ग्रेन फाउंडेशन मात्र राष्ट्रीयत्व बघत नाही.

फील्डवर विद्यापीठाच्या नीतिसमितीचा संमतीपत्राचा नमुना घेऊन गेलो होतो. दोन पानं, खाली सहीची जागा. कोपीबाहेर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीबाहेर, भाकरी थापणाऱ्या एका मावशींनी कागद हातातही घेतला नाही. "सही कशाला? मुकादमानंबी अशीच घेतली हुती." परत समितीला लिहिलं, तोंडी संमतीची परवानगी यायला पाच आठवडे गेले. तोवर अर्धा हंगाम सरला होता आणि मावशींची टोळी दुसऱ्या कारखान्याच्या फडावर गेली होती.